48 किलोबिटांत काकांचं कासाळं: एचई-एएसी वापरून पाहिल्यावर

"यंदा कासाळं काकांनी वाजवलं नाही का?"

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दुसऱ्या रात्री भावाचा हा निरोप आला. भाऊ तारवटी, मालवाहू जहाजावर. सलग चौथी चवथ त्याची समुद्रावर गेली. आदल्या रात्रीची आमच्या मूळ घरातली घुमट आरती, म्हणजे घुमट या चामडी वाद्याच्या साथीने गायलेली आरती, मी रेकॉर्ड करून त्याला पाठवली होती. निरोप आला तेव्हा काका माटोळीखाली, गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या छताखाली, भिंतीला टेकून बसले होते आणि कासाळ्याची, म्हणजे जाड झांजेची, जोडी फडक्यात गुंडाळून त्यांच्या मांडीवरच होती. आरती त्यांनीच वाजवली होती, दरवर्षीसारखी. मी त्यांना निरोप वाचून दाखवला नाही.

पुढचे पंधरा दिवस मी त्या एका फाईलच्या मागे लागले. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहिते आहे, कारण परदेशी किंवा जहाजावर असलेल्या माणसाला आवाज पाठवणारी घरं गोव्यात वाडीवाडीवर आहेत. हा आढावा एचई-एएसी या ऑडिओ फॉरमॅटचा. मी साखळीजवळ राहते, उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवते. ध्वनिमुद्रण हा माझा धंदा नव्हे. कान मात्र घुमटाच्या घरात वाढलेले आहेत.

आधी गरज काय होती ते सांगते. आरती 22 मिनिटांची. रेकॉर्डर 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओवर ठेवला, तर मूळ वेव्ह फाईल सुमारे 233 एमबीची झाली. भावाला जहाजावर महिन्याला मिळतो 500 एमबी डेटा, त्यातच बायकोमुलांशी बोलायचं आणि बँकेची कामं करायची. साध्या एएसीत, म्हणजे आवाज दाबून लहान करणाऱ्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये, सेकंदाला 128 किलोबिट दिले तर तीच आरती 21 एमबी होते. एकच आरती असती तर चाललं असतं, पण पाच दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या आरत्या, शिवाय भजन? म्हणून मी एचई-एएसीच्या दुसऱ्या आवृत्तीत, 24 किलोबिटवर फाईल केली. चार एमबीसुद्धा झाली नाही. फोनच्या स्पीकरवर ऐकली, छान वाटली, पाठवून दिली. त्यावर भावाचा तो प्रश्न.

आता हा फॉरमॅट करतो काय ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं नुसतं आवडनिवड वाटेल.

कमी बिटांत आवाज बसवायचा तर पूर्वीचे एन्कोडर, म्हणजे आवाजाची दाबलेली फाईल बनवणारे प्रोग्रॅम, सरळ वरचा भाग कापून टाकत. म्हणजे पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर काहीच नाही, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. एचई-एएसीत वरच्या पट्टीसाठी वेगळी युक्ती आहे, तिचं नाव स्पेक्ट्रल बँड रेप्लिकेशन, थोडक्यात एसबीआर. खालचा भाग नेहमीच्या एएसीने, बहुधा अर्ध्या सॅम्पलिंग रेटवर, बांधला जातो. वरचा भाग फाईलमध्ये जातच नाही. त्याऐवजी जाते ती एक बारीकशी टाचण: कुठल्या क्षणी, वरच्या कुठल्या पट्ट्यात जोर किती होता, आवाज सुरेल होता की खरखरीत. ऐकणाऱ्याच्या फोनमधला डीकोडर, म्हणजे ती फाईल उलगडून वाजवणारा भाग, खालच्या पट्टीचा तुकडा उचलतो, वर नेऊन चिकटवतो आणि टाचणीप्रमाणे त्याचा जोर कमीजास्त करतो. या टाचणीला सेकंदाला दोन-तीन किलोबिट पुरतात.

हे चालतं आपल्या कानामुळे. साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर कानाला सूर नेमका ओळखता येत नाही; तिथे आपल्याला कळते ती झळाळी, खरखर, आणि आघात कधी झाला ते. त्यामुळे वरचा भाग हुबेहूब नसला, पण जोर आणि वेळ बरोबर असली तर कान मान्य करतो. मुळात वरचे आणि खालचे स्वरांश एकाच गळ्यातून, एकाच तारेतून निघालेले असतात, म्हणून खालून वरचा अंदाज बांधता येतो. कल्पना जुनी आहे. बोलण्याच्या आवाजासाठी मकूल आणि बेरूटी यांनी 1979 सालीच असा प्रयोग मांडला होता. संगीताला पुरेल इतकी ती पक्की केली स्वीडनच्या लार्स लिलयेरिड यांनी आणि त्यांच्या कोडिंग टेक्नॉलॉजीज या कंपनीने. 2001 मध्ये ती एमपी3प्रो म्हणून लोकांपुढे आली, 2003 मध्ये एएसीला जोडून एमपेग-4 मानकात गेली, 2004 मध्ये तिच्यावर पॅरामेट्रिक स्टिरिओची भर पडून दुसरी आवृत्ती झाली. 2007 साली ती कंपनी डॉल्बीने घेतली. युरोपातला डीएबी प्लस हा डिजिटल रेडिओ याच फॉरमॅटवर चालतो, आणि आपल्या आकाशवाणीने घेतलेल्या डीआरएम या डिजिटल रेडिओच्या पद्धतीतही तोच आहे. म्हणजे ही कोपऱ्यातली हौशी वस्तू नव्हे.

मग काकांचं कासाळं कुठे हरवलं?

कासाळं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काशाची जाड झांज, घुमट आणि शामेळ या तालवाद्यांबरोबर वाजते. घुमट म्हणजे मडक्याच्या तोंडाला चामडं. पूर्वी घोरपडीचं असे, वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. 2019 मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. सगळं कौतुक घुमटाला मिळतं. पण आरतीची लय चढत जाते तेव्हा सगळ्यांना बांधून ठेवतं ते कासाळं. आमच्या काकांच्या जोडीतल्या एका ताटलीच्या कडेला नखाएवढी चीर आहे. जोरात वाजवलं तर ती कळत नाही. हलक्या हाताने कड कडेवर टेकवली की आघातानंतर जी आस उरते, तिच्यात एक बारीक थरथर येते, काचेवर माशी अडकावी तशी. आम्ही भावंडं डोळे मिटून सांगू शकतो, हे काकांचं. दुसऱ्या कुणाच्या जोडीत ते नाही.

ती थरथर राहते आठ-नऊ किलोहर्ट्झच्या पुढे. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाईलचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या पट्टीत आवाज किती याचं चित्र, उघडला तेव्हा ती मला डोळ्यांनी दिसली: प्रत्येक हलक्या आघातामागे वरच्या बाजूला तीन-चार बारीक रेघा, एकमेकींच्या अगदी जवळ, सावकाश विरत जाणाऱ्या. मग 24 किलोबिटची फाईल उघडली. पाच किलोहर्ट्झच्या आसपास आडवी शिवण स्पष्ट दिसते. शिवणीच्या खाली आहे पेटी, काकीचा आवाज, घुमटाचा वरचा भाग. शिवणीच्या वर आहे त्याचीच नक्कल, कासाळ्याच्या जोराने उजळलेली. काकांच्या रेघा नाहीत. त्यांच्या जागी पेटीच्या स्वरांशांच्या रेघा, वर उचलून ठेवलेल्या.

म्हणजे आघात बरोबर वेळी पडला होता आणि जोरही बरोबर होता, फक्त त्या आघाताच्या आत वाजत होती पेटी. भावाचा कान चुकला नव्हता, त्याला खरोखरच काकांचं कासाळं पोचलं नव्हतं.

हे समजल्यावर मला फार बरं वाटलं. चूक कुठे आणि का होते ते कळलं की तिच्यावर इलाज करता येतो. फॉरमॅट बनवणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक होती, हे त्याची रचना पाहताना दिसतं. नक्कल केलेला भाग फार सुरेल वाटत असेल तर तो मुद्दाम बोथट करायची सोय त्यात आहे, वरून खरखर मिसळायची सोय आहे, आणि वर एखादा ठळक सूर असेल जो खाली नाहीच, तर "इथे एक सूर घाल" असंही टाचणीत लिहिता येतं. एखादी बासरी, एखादी घंटा यांना ते पुरतं. कासाळ्याच्या आशीत मात्र असे सूर दाटीने असतात आणि ते कुठल्याही मूळ सुराच्या पटीत नसतात. चिरेमुळे शेजारशेजारचे दोन सूर एकमेकांशी कुरबुरतात, तीच ती थरथर. एका पट्ट्यात एक सूर घालून ती उभी राहत नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र एसबीआरला मी पूर्ण गुण देते. त्याची एक चौकट, म्हणजे एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा, 2048 नमुन्यांची, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झवर सुमारे 46 मिलिसेकंदांची. सगळ्या चौकटीला एकच जोर लावला असता तर द्रुत लयीत कासाळं चिखलात वाजल्यासारखं झालं असतं. पण आघात दिसला की एन्कोडर चौकटीचे असमान तुकडे पाडतो आणि कड तीन मिलिसेकंदांपर्यंत नेमकी धरू शकतो. शेवटच्या आरतीत लय दुप्पट होते, तिथे मी हेडफोन लावून मूळ आणि नक्कल आलटून पालटून ऐकली. आघाताची धार जागच्या जागी आहे. घुमटावर बोटांनी काढलेला चट् आणि कासाळ्याचा कडाका यांच्यातलं अंतर जराही ढळलेलं नाही.

आणखी एक गोष्ट एसबीआर फार उत्तम करतं, ती म्हणजे स, श, च, झ. आपल्या आरत्या या अक्षरांनी भरलेल्या आहेत आणि बायकांच्या बाजूने ती अक्षरं आली की हवेत एकदम फवारा उडतो. हा फवारा म्हणजे निव्वळ खरखर. खालची खरखर वर नेली तरी ती खरखरच राहते, कुणाला कळणार? 24 किलोबिटवरसुद्धा काकीचा स हा काकीचाच होता. त्याच बिटरेटच्या साध्या एएसीत तिचा स आणि थ यांतला फरक गेला होता, शब्द नुसते अंदाजाने समजत होते. बोलणं, प्रवचन, आजीचा निरोप यांसाठी एचई-एएसी डोळे झाकून घ्यावं असं मी म्हणेन.

आता दुसऱ्या आवृत्तीबद्दल. पॅरामेट्रिक स्टिरिओत दोन वाहिन्यांऐवजी एकच पाठवली जाते आणि डावं-उजवं कसं वाटायचं याची टाचण बरोबर देतात. आमच्या चौकात डावीकडे घुमटवाले पुरुष बसतात, उजवीकडे बायका, मध्ये काका. 24 किलोबिटवर काका जागेवर राहत नाहीत. बायकांनी स्वर उचलला की कासाळं त्यांच्याकडे सरकतं, घुमट जोरात आला की परत डावीकडे. हेडफोनवर डोकं गरगरतं. फोनच्या एका स्पीकरवर हे कळत नाही, म्हणून पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका माणसाच्या गाण्याला किंवा कथाकथनाला ही आवृत्ती ठीक आहे. माणसांनी भरलेल्या चौकाला नाही.

मग मी 32, 48 आणि 64 किलोबिट करून पाहिले, पहिल्या आवृत्तीत, म्हणजे खरा स्टिरिओ ठेवून. 32 वर चौक जागेवर आला पण सगळ्यांचे आवाज कोरडे पडले. बिट दोन वाहिन्यांत वाटले गेले आणि खालच्या भागालाच कमी पडले. 48 वर मात्र फरक एकदम जाणवला. शिवण वर सरकली, पेटीचा बहुतेक तेजस्वी भाग शिवणीच्या खाली आला, त्यामुळे वर जे चिकटवलं गेलं त्यात पेटीपेक्षा कासाळ्याचाच खालचा भाग जास्त होता. कासाळ्यावरून कासाळ्याची नक्कल! काकांच्या चार रेघा तंतोतंत नाहीतच, पण त्यांच्या जागी काशाची दाट झळाळी आहे आणि तिच्यात कुरबूर ऐकू येते. फाईल आठ एमबीच्या जरा आत. 64 वर आणखी सुधारतं, साडेदहा एमबीला. त्याच्या पुढे एसबीआरचं काम संपतं असं माझ्या कानाचं मत. 96 किंवा 128 देण्याची ऐपत असेल तर साधं एएसी वापरावं, ते वरचा भाग खरोखर पाठवतं.

न्याय म्हणून ओपस हा दुसरा फॉरमॅटही लावून पाहिला. 2012 सालचा, मोफत, आणि वरच्या पट्टीसाठी त्याचीही स्वतःची घडी घालायची पद्धत आहे. 48 वर आमच्या आरतीला ते एचई-एएसीच्या तोडीस तोड आहे, आशीच्या बाबतीत किंचित सरसच. पण भाऊ जेवणाच्या खोलीतल्या पेनड्राइव्हच्या स्पीकरवर सगळ्यांना ऐकवतो, त्या स्पीकरला ओपस वाजवता येत नाही. तिथे प्रश्न मिटला.

वाजण्यावरून एक इशारा देते. एचई-एएसीची फाईल जुन्या डीकोडरलाही वाजते, पण एसबीआर न समजणारा डीकोडर टाचण सोडून देतो आणि फक्त खालचा अर्धा भाग वाजवतो. आमच्या गाडीतल्या जुन्या म्युझिक सिस्टमवर असंच झालं: घुमट दणदणीत, माणसं तोंडावर हात ठेवून गातात तशी. माझे यजमान म्हणाले, "फाईल बिघडली." फाईल धड होती. तुमच्याकडे आवाज असा दबलेला आला, तर दुसऱ्या फोनवर लावून बघा आणि मगच रेकॉर्डिंग करणाऱ्याला बोल लावा. अँड्रॉइड फोन हा फॉरमॅट नीट वाजवतात.

फाईल करायची कशी हेही सांगायला हवं, कारण माझी एक संध्याकाळ त्यात गेली. एफएफएमपेग या फाईल बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जो स्वतःचा एएसी एन्कोडर असतो तो एचई-एएसी बनवत नाही. त्यासाठी फ्राउनहोफर या जर्मन संस्थेचा एफडीके हा एन्कोडर जोडलेली प्रत लागते, आणि परवान्याच्या गुंत्यामुळे तयार मिळणाऱ्या बहुतेक प्रतींत तो नसतो. ज्याला स्वतः बांधता येत नाही त्याने मॅक असलेल्या ओळखीच्या माणसाकडे जावं, ॲपलच्या एन्कोडरमध्ये ही सोय आहे. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेतल्या सहायकाने मला प्रत बांधून दिली, त्याचे आभार मानावे तेवढे थोडे. आणि केलेली फाईल निरोपाच्या ॲपमधून पाठवताना ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी एकदा विसरले, तर पलीकडे पोचलेली फाईल आकारानेही वेगळी होती आणि आवाजानेही. आधीच खालून वर उचललेला भाग पुन्हा दाबला की कासाळं तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखं होतं.

याच कारणासाठी, कृपा करून, हा फॉरमॅट साठवणीला वापरू नका. हे मी कळकळीने लिहिते आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याच वाडीतल्या दोघांनी जुन्या कॅसेट डिजिटल करून आणल्या आणि जागा वाचावी म्हणून त्यांना लहान फाईली मिळाल्या. कॅसेट टाकून दिल्या. एका फाईलमध्ये त्यांच्या आजोबांचं भजन आहे. आजोबांच्या गळ्याचा खालचा भाग आहे, टाळांचा वरचा भाग नाही. आहे ती त्या जागी बसवलेली नक्कल. आता मूळ कुठून आणणार? वेव्ह किंवा फ्लॅक, ज्यांत आवाजाचं काहीच गाळलं जात नाही, ते ठेवा, दोन डिस्कवर ठेवा, एक डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवा. पाठवायची प्रत त्यातून हवी तेव्हा करता येते.

नवं रूपही आलं आहे, एक्सएचई-एएसी, 2012 च्या मानकातलं. त्यात नुसतं उचलून चिकटवण्याऐवजी स्वरांशांच्या पटी सांभाळून वर नेण्याची पद्धत आहे, म्हणजे गळ्याचा आवाज वर गेला तरी त्याचे स्वरांश एकमेकांशी जुळलेले राहतात. कासाळं पटीत बसणारं नाही, त्यामुळे तिथे फार फायदा होईल असं मला वाटत नाही. पेटी आणि गळ्याला होईल. भावाच्या स्पीकरला ते वाजत नाही म्हणून पुढे गेले नाही.

चवथ संपून आठवडा झाल्यावर मी 48 किलोबिटची, खऱ्या स्टिरिओची प्रत भावाला पाठवली. सोबत काही लिहिलं नाही. दोन दिवस जहाजाला नेट नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाजी निरोप आला, मागे इंजिनाची घरघर. "चौदाव्या मिनिटाला, काकी थांबते तिथे. काकाच आहेत ते. मग पहिल्यात कोण होतं?"

मी त्याला फोनवर सगळं समजावलं, शिवण, टाचण, पेटीच्या रेघा. त्याला अर्धं कळलं असेल. त्याने विचारलं, 64 ची केली तर चीर आणखी ऐकू येईल का. येते, थोडी. दिवाळीच्या महिन्याच्या डेटामधून साडेदहा एमबी त्याने त्यासाठी बाजूला ठेवलेत.

काकांना मात्र हेडफोनवर मी मूळ वेव्हच ऐकवली. चौदाव्या मिनिटाला त्यांनी हात वर करून थांबवायला लावलं, फडकं सोडून ताटली हातात घेतली आणि अंगठ्याने चीर चाचपली. "वाढली आहे," म्हणाले. "पुढच्या चवथीपर्यंत टिकेल."

पुढच्या चवथीला रेकॉर्डर काकांच्या जवळ ठेवणार आहे, पेटीपासून लांब.